फायरफॉक्सचं नवीन व्हर्जन यायच्या आधीच बीटा कसं वापरून बघायचं

सांगलीत आमचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, लाईट बिल, ॲडमिशनचे फॉर्म, हॉल तिकीट सगळं ब्राउझरमधूनच चालतंय, त्यामुळं नवीन व्हर्जन आलं की धाकधूक असते आणि उत्सुकता पण असते. बरेच जण विचारतात की अपडेट घेऊ का थांबू. माझं सरळ म्हणणं आहे, थांबायच्या ऐवजी त्याचं बीटा, म्हणजे फायनलच्या आधी तपासायला सोडलेलं व्हर्जन, वापरून बघा, फक्त कामाच्या सेटअपला हात न लावता.

आधी वेळापत्रक समजून घ्या. फायरफॉक्सचं 3.6 जानेवारी 2010 मध्ये आलं आणि 4 यायला मार्च 2011 उजाडला, एवढी वाट बघायला लागायची. आता साधारण चार आठवड्याला नवीन नंबर येतो, बहुतेक मंगळवारी, आणि पुढच्या तारखांचं कॅलेंडर फायरफॉक्स बनवणारं मोझिला आधीच जाहीर करून ठेवतं. त्याच्या आधी तोच नंबर नायटली नावाच्या अगदी कच्च्या व्हर्जनमध्ये असतो, मग साधारण चार आठवडे बीटामध्ये, आणि मग सगळ्यांना. नायटली रोज बदलतं, बहुतेक दिवसातून दोनदा, ते हौशी लोकांचं काम. आपल्याला बीटा बास. आणि हे बीटाचे चार आठवडेच महत्त्वाचे आहेत, कारण त्यात सांगितलेली अडचण फायनल यायच्या आत दुरुस्त होऊ शकते, एकदा सगळ्यांच्या मशीनवर गेल्यावर बोंब मारून पुढच्या दुरुस्तीची वाट बघायला लागते.

मशीन विंडोज 7 किंवा 8 चं असेल तर मात्र हे सगळं सोडून द्या. तिथं फायरफॉक्सची 115 ईएसआर (जास्त दिवस फक्त दुरुस्त्या मिळणारं व्हर्जन) ही शेवटची शाखा, जुलै 2023 ची, आणि क्रोम तर जानेवारी 2023 च्या 109 वरच थांबलंय. आपल्याकडं अजून लई दुकानांत अशी मशीन चालू आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय, नवीन बीटा तिथं बसणारच नाही.

आता टाकायचं कसं. पहिलं काम बॅकअप, ते न करता पुढं जाऊ नका. पत्त्याच्या जागी अबाऊट कोलन सपोर्ट (about:support) हे इंग्रजीत, मध्ये स्पेस न देता टाका, तिथं प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे, फोल्डर उघडला की फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी सगळं त्यातच असतंय, म्हणून तो पेनड्राइव्ह पण नीट जपून ठेवा. मग बीटाचा इन्स्टॉलर मोझिलाच्याच साइटवरून घ्या, दुसऱ्या कुठल्या डाउनलोडच्या साइटवरून अजिबात नको. टाकताना कस्टम निवडा आणि फोल्डर वेगळा द्या, नाहीतर जुन्याच्या जागेवर जाऊन बसायची भीती असते. 2019 च्या 67 व्या व्हर्जनपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतंय, त्यामुळं दोन्ही शेजारी शेजारी चालतात. तरी एकदा अबाऊट कोलन प्रोफाइल्स टाकून खात्री करा की बीटा आपलं वेगळंच प्रोफाइल वापरतंय. कारण नवीन व्हर्जननं उघडलेलं प्रोफाइल जुनं व्हर्जन परत घेत नाही, नवीन प्रोफाइल बनवा नाहीतर बंद करा म्हणतंय, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते नको.

सिंकला, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड सगळीकडं सारखे ठेवणाऱ्या सोयीला, लगेच लॉगिन करू नका, बुकमार्क पाहिजेत तर एचटीएमएल फाइल काढून बीटात घ्या. आणि बीटा वापराची माहिती आपोआप मोझिलाकडं पाठवतं हे माहिती असू द्या, त्यामुळं गिऱ्हाईकांचं बँकेचं काम आणि ओटीपीची कामं मी तरी त्यात करत नाही.

आता तपासायचं काय, इथं खरा विषय आहे. रिलीज नोट्स वाचून नवीन बटणं बघणं सगळेच करतात, पण मराठी कुठं तुटतंय का हे आपण बघितलं नाही तर कोण बघणार? मी पहिल्यांदा साताऱ्याचा, कऱ्हाड, कृष्णा, श्री, ज्ञानेश्वर असे शब्द टाकून बघतो. कऱ्हाडमधला तो र अर्धा नीट दिसतोय का, का मोडका र आणि सुटा ह दिसतोय, हे लगेच कळतं. मग तेच शब्द पानावर कंट्रोल एफनं शोधा, कॉपी करून वर्डमध्ये टाका, फॉर्मच्या चौकटीत टाइप करा आणि मधलंच एक अक्षर बॅकस्पेसनं खोडून बघा. तुम्ही ज्या कीबोर्डनं रोज टाइप करता त्याच कीबोर्डनं करा, इनस्क्रिप्ट असो नाहीतर फोनेटिक. टाइप करताना अक्षर दोनदा उमटणं, वेलांटी मागं राहणं असल्या गोष्टी इंग्रजीत टाइप करणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत.

त्यानंतर प्रिंट. सातबाऱ्याची पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडा, प्रिंट प्रिव्ह्यू बघा, ए फोरवर खरंच एक कागद काढा, कडेचा मजकूर कापला जातोय का बघा. फोटो आणि सही अपलोड करून बघा. फॉर्म पूर्ण सबमिट करायची गरज नाही, शेवटच्या पानापर्यंत जाऊन थांबा. स्लो वाटलं तर अबाऊट कोलन प्रोसेसेसमध्ये कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं, चार जीबी रॅमवाल्यांनी हे बघाच.

काही बिघडलेलं सापडलं की लगेच बीटाला दोष देऊ नका. तीच साइट जुन्या व्हर्जनमध्ये उघडा, तिथं पण बिघडलेली असेल तर साइटचाच प्रॉब्लेम असायची शक्यता जास्त. मग हेल्पमधून ट्रबलशूट मोड चालू करून बघा, त्यात ॲडऑन बंद होतात, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. तरी राहिलीच तर कळवा. साइट तुटत असेल तर मेन्यूत मोडलेली साइट कळवायची सोय आहे, ब्राउझरचाच दोष वाटला तर बगझिला या मोझिलाच्या तक्रारींच्या साइटवर लिहा. व्हर्जन नंबर, विंडोज कुठलं, काय काय केलं ते क्रमानं, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, सोबत स्क्रीनशॉट. मोडकं इंग्रजी चालतंय, पायऱ्या स्पष्ट पाहिजेत. स्क्रीनशॉटमध्ये गिऱ्हाईकाचं नाव, आधार नंबर, मोबाईल राहिला नाही ना हे दोनदा बघा. जास्त खोलात जायचं असेल तर मोझरिग्रेशन नावाचं टूल आहे, ते वेगवेगळ्या दिवशी बनलेले जुने नवीन बिल्ड (व्हर्जन) एकामागून एक उघडून देतं आणि तुम्ही बरोबर का चूक एवढंच सांगत गेलात की बिघाड कुठल्या दिवसापासून सुरू झाला ते सापडतं.

फायरफॉक्स मराठीत पण आहे, सेटिंगमध्ये भाषा बदलून मेन्यू वाचा, कुठं विचित्र शब्द दिसला तर पॉन्टून या मोझिलाच्या भाषांतराच्या साइटवर खातं काढून सुधारणा सुचवता येते.

फायनल आलं की हेल्पमधल्या अबाऊट फायरफॉक्समध्ये जाऊन बघा, सगळ्यांना एकाच वेळी पोचत नाही, हळूहळू सोडतात. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर तो दिवस जाऊ द्या, पण महिनोन्महिने जुन्यावर बसू नका, प्रत्येक व्हर्जनमध्ये सिक्युरिटीच्या दुरुस्त्या असतात आणि आपल्या मशीनवर लोकांचे कागद असतात. बीटा तसंच राहू दिलं तर ते आपोआप पुढच्या नंबरवर जातंय, म्हणजे पुढच्या वेळेला नुसतं उघडून बघायचं. नको असेल तर अनइन्स्टॉल करा, आणि प्रोफाइलचा फोल्डर मागं राहिला असेल तर तो हातानं काढून टाका.