चाचणी आधी नापास करून बघा

रूबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना मी सोसायटीच्या थकीत मेंटेनन्सवरचं व्याज काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्याही लिहिल्या. दोन आठवडे निकालात ‘शून्य फेल्युअर’ दिसत होतं आणि मी निर्धास्त होते. मग हाताने हिशोब केला तर व्याज चुकलेलं! मिनिटेस्ट, म्हणजे रूबीतल्या चाचण्या चालवणारा संच, फक्त ‘टेस्ट’ आणि अंडरस्कोअरने नाव सुरू होणाऱ्या मेथडच (कोडचे नाव दिलेले तुकडे) चालवतो, आणि माझ्या एकाही मेथडचं नाव तसं नव्हतं. निकालाच्या त्याच ओळीत आधी ‘शून्य रन्स’ असंही छापलेलं असायचं, ते मी कधी वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून नवा प्रोजेक्ट सुरू केला की पहिली चाचणी मी मुद्दाम खोटी लिहिते: दोन अधिक दोन पाच. ती नापास झाली की यंत्रणा जोडली गेली आहे याची खात्री होते.

मांडणी साधीच असते. ‘बंडल इनिट’ या कमांडने जेमफाइल, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या जेमची (तयार कोडच्या पॅकेजची) यादी, तयार करायची. मिनिटेस्ट आणि रेक (ठरलेली कामं चालवणारं साधन) रूबीसोबतच येतात, तरी दोन्ही जेमफाइलमध्ये लिहा, कारण बंडलरमधून (जेम सांभाळणाऱ्या साधनातून) चालवताना तिथे नसलेलं जेम सापडत नाही. जेमच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी जेमफाइलची लॉक फाइलही गिटमध्ये (कोडमधले बदल जपणाऱ्या साधनात) टाका, म्हणजे सहकाऱ्याच्या मशीनवर त्याच आवृत्त्या येतील. कोड ‘लिब’ फोल्डरमध्ये, चाचण्या ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये. रेकच्या टेस्ट-टास्कला फाइलच्या नावांचा पॅटर्न स्वतः द्या. तो आपणहून फक्त ‘टेस्ट’ने सुरू होणाऱ्या फाइल शोधतो, शेवटी ‘टेस्ट’ असलेल्या सोडून देतो. आरस्पेक हे चाचण्यांचं दुसरं साधनही उत्तम आहे, पण पहिल्या महिन्यात मिनिटेस्टच घ्या. त्यात साधी रूबीच लिहायची असते, वेगळी भाषा शिकावी लागत नाही.

पैशांच्या हिशोबात फ्लोट, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नका. रूबीत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला एक ४ चिकटतो. मी रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवते. आणि दोन उत्तरं जुळतात का ते बघणाऱ्या ‘असर्ट इक्वल’मध्ये अपेक्षित उत्तर आधी लिहायचं, उलटं लिहिलं तर नापास झाल्यावरचा संदेश दिशाभूल करतो.

एखादी चाचणी कधी पास, कधी नापास होऊ लागली तर घाबरू नका. मिनिटेस्ट चाचण्यांचा क्रम दर वेळी बदलतो आणि त्याचा सीड क्रमांक (ज्यावरून तो क्रम ठरतो) छापतो. तोच सीड देऊन पुन्हा चालवलं की तोच क्रम परत मिळतो. माझ्याकडे एका चाचणीने व्याजदर बदलून तसाच सोडला होता, तो असाच सापडला.