जुने सीरियल उपकरण नव्या लॅपटॉपला कसे जोडावे

प्रयोगशाळेतील तराजू, सीएनसी यंत्र, नेटवर्क स्विचचा कन्सोल अशी कितीतरी उपकरणे वीस-तीस वर्षांनंतरही बिनतक्रार चालतात. त्यांच्या पाठीमागचा सीरियल पोर्ट, म्हणजे माहितीचे बिट एकामागून एक पाठवणारी जोडणी, मात्र आजच्या लॅपटॉपवर नसतो. एवढ्या एका कारणासाठी धडधाकट उपकरण भंगारात काढणे मला मुळीच पटत नाही. यूएसबी-ते-सीरियल अडॅप्टरने ही जोडणी बहुतेक वेळा साधते. ती लॅपटॉपकडून उपकरणाकडे, प्रत्येक टप्पा तपासत करावी. सगळे एकदम जोडले आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर दोष अडॅप्टरचा, केबलचा की सेटिंगचा हे ठरवणे अवघड होते.

खरेदीपूर्वी उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत सिग्नलचा प्रकार पाहावा, कारण नऊ पिनांचा कनेक्टर दिसला म्हणजे आतला सिग्नल आरएस-२३२ या नेहमीच्या सीरियल मानकाचा असेलच असे नाही. त्याच आकाराच्या कनेक्टरवर आरएस-४८५ हे दुसरे मानक देखील आढळते आणि त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. आरएस-२३२ मध्ये ‘१’ हा उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ हा अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असा पाठवला जातो. सर्किट बोर्डावरच्या उघड्या सीरियल पिना सहसा ० ते ३.३ किंवा ० ते ५ व्होल्टवर चालतात. त्यांना आरएस-२३२ अडॅप्टर थेट जोडल्यास चिप जळू शकते.

अडॅप्टर निवडताना वेष्टनापेक्षा आतल्या चिपला महत्त्व द्यावे. एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच३४० आणि सीपी२१०२ या चिपा सर्वत्र आढळतात; कायमच्या कामासाठी मी एफटीडीआयची अस्सल चिप सुचवेन. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा बनावट चिपांना विंडोजमधील नवा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ ही त्रुटी दिसते. लिनक्समध्ये या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात, मात्र डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांवर वापरकर्त्याला सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात घालावे लागते.

अडॅप्टर ओळखला गेला की उपकरण बाजूलाच ठेवून अडॅप्टरच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना छोट्या तारेने एकमेकींना जोडाव्यात. पुटी किंवा टेरा टर्मसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तो पोर्ट उघडावा, फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-पाठव सांगण्याची सोय) आणि लोकल एको (टाइप केलेले अक्षर प्रोग्रॅमनेच पडद्यावर दाखवणे) बंद ठेवावेत आणि काही अक्षरे टाइप करावीत. तार असताना अक्षरे उमटली आणि तार काढताच थांबली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर व अडॅप्टर ठीक आहेत. ही चाचणी कोणीही वगळू नये, कारण पुढचा सगळा शोध तिच्यामुळे निम्म्यावर येतो.

त्यानंतर केबल. ती सरळ हवी की नल मोडेम, म्हणजे २ आणि ३ च्या तारा उलटसुलट असलेली, हा प्रश्न मल्टिमीटरने सुटतो. उपकरण सुरू करून नऊ पिनांच्या कनेक्टरच्या ५ क्रमांकाच्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला, मीटरची काळी तार लावावी आणि लाल तारेने २ व ३ तपासाव्यात. जी पिन स्थिर ऋण व्होल्टेज दाखवते, तिच्यावरून उपकरण माहिती पाठवते. ती २ असेल तर सरळ केबल चालेल. ३ असेल तर नल मोडेम केबल लागेल. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर ग्राउंड ७ वर असतो आणि २ व ३ यांच्या भूमिका बदललेल्या असतात. मोठ्या यंत्राचा आणि चार्जरवरच्या लॅपटॉपचा ग्राउंड वेगवेगळ्या व्होल्टेजवर असण्याची शक्यता असेल, तर विद्युत विलगीकरण असलेला अडॅप्टर घ्यावा.

सेटिंगची सुरुवात माहितीपुस्तिकेतील आकड्यांनी करावी; ते नसतील तर ९६०० बॉड (माहिती पाठवण्याचा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा) हा पहिला अंदाज ठेवावा. निरर्थक चिन्हे दिसत असतील तर आधी बॉड रेट बदलून पाहावा. मजकूर ओळखू येतो पण काही अक्षरे चुकतात, तेव्हा पॅरिटी व डेटा बिटांकडे वळावे. छोटे संदेश नीट येतात पण मोठ्या फाइलमधला भाग गळतो, तिथे फ्लो कंट्रोल जुळलेला नसतो. उपकरण हार्डवेअर संकेताची वाट पाहत गप्प बसले असेल, तर नऊ पिनांच्या कनेक्टरवर उपकरणाच्या बाजूने पिन ७ ला ८ आणि ४ ला ६ व १ जोडल्यास ते बहुधा बोलू लागते; मात्र त्यामुळे खरा फ्लो कंट्रोल नाहीसा होतो, म्हणून मोठ्या फाइल पाठवताना वेग कमी ठेवावा.

टर्मिनलमध्ये सगळे चालते आणि उपकरणाचे मूळ सॉफ्टवेअर मात्र पोर्ट शोधू शकत नाही, तेव्हा पोर्टचा क्रमांक तपासावा. विंडोज सीरियल पोर्टांना कॉम१, कॉम२ अशी नावे देते आणि काही जुने प्रोग्रॅम कॉम१ ते कॉम४ एवढेच ओळखतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमधून क्रमांक बदलता येतो. विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीचे अनेक प्रोग्रॅम तर थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर लिहितात आणि यूएसबी अडॅप्टरला तो पत्ताच नसतो. ते डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवून त्यातील सीरियल पोर्ट खऱ्या कॉम पोर्टशी जोडावा. प्रत्येक प्रश्नोत्तरात किंचित उशीर होऊन प्रोग्रॅम ‘टाइमआउट’ दाखवत असेल, तर एफटीडीआय ड्रायव्हरमधील लेटन्सी टायमर, म्हणजे आलेली माहिती पुढे देण्यापूर्वी थांबण्याचा काळ, १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणावा.