दात काढल्यावर हाड राखायचं तर: ग्राफ्टची निवड आणि सॉकेट भरण्याची पद्धत

दात काढला की रिजची (दात बसलेल्या हाडाच्या कडेची) रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. वरच्या पुढच्या दातांची बकल प्लेट (हाडाची ओठा-गालाकडची बाहेरची भिंत) बहुधा 1 मिमीपेक्षाही पातळ असते. तिला मिळणारं रक्त बरंचसं दाताला हाडाशी बांधणाऱ्या लिगामेंटमधून येतं, त्यामुळे दात गेला की तीही विरघळू लागते. दाताच्या रिकाम्या खळग्यात, म्हणजे सॉकेटमध्ये, हाडाची किंवा हाडासारखी भर, म्हणजे ग्राफ्ट, घातल्याने ही झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. रुग्णाला हे आधीच सांगा.

कोणता ग्राफ्ट, हे इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम दाताचं मूळ) कधी बसवायचं आहे त्यावरून ठरवा. रुग्णाचं स्वतःचं हाड सर्वांत सरस, कारण त्यात जिवंत पेशी असतात. मात्र ते काढायला दुसरी जखम करावी लागते आणि ते लवकर विरघळतं. एका सॉकेटसाठी हा खटाटोप आम्हाला पटत नाही. मानवी दात्याचं हाड, म्हणजे एफडीबीए, वापरलं तर साधारण 4 महिन्यांत इम्प्लांट करता येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत असं हाड फ्रीझ-ड्राय करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. गाईच्या हाडापासून केलेले कण फार सावकाश विरघळतात, वर्षांनंतरही सापडतात. म्हणून पुढच्या भागात, जिथे हिरडीचा उठाव टिकवायचा असतो, तिथे ते उत्तम. पण 5 ते 6 महिने थांबावं लागतं. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट कृत्रिम आणि तुलनेने स्वस्त, पण नवं हाड तयार होण्याआधीच विरघळलं तर उंची जाते. त्यात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मिसळलेले कण अधिक टिकतात.

कण गाईच्या हाडाचे असोत वा ते झाकायचं मेंब्रेन (पातळ पडदा) डुकराच्या कोलॅजनचं, रुग्णाची त्याला हरकत आहे का हे संमतिपत्र भरतानाच विचारा. पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर केस पेपरवर चिकटवा.

सॉकेटसाठी 0.25 ते 1 मिमीचे कण घ्या. 1 ते 2 मिमीचे मोठे कण सायनस लिफ्टसाठी (वरच्या दाढांवरच्या पोकळीचा तळ उचलून तिथे हाड वाढवण्यासाठी) ठेवा. एकमुळी दाताला साधारण 0.5 सीसी, दाढेला 1 सीसीपर्यंत लागतं.

दात काढताना पेरिओटोम (दात आणि हाडामध्ये सरकवायचं पातळ पातं) वापरा आणि दाढेची मुळं वेगळी करून एकेक काढा. एलिव्हेटरचा (दात उचकटायच्या साधनाचा) टेकू बकल प्लेटवर कधीच घेऊ नका. मग क्युरेटने (चमच्यासारख्या खरवडणीने) ग्रॅन्युलेशन टिश्यू, म्हणजे सूज-संसर्गाची मऊ ऊती, पूर्ण खरवडा. आमच्या मते सगळ्या कामाचं यश इथेच ठरतं: तळाशी संसर्गाचा एवढासा तुकडा राहिला तरी महागातला महाग ग्राफ्ट आठवड्याभरात पूसह बाहेर येतो. सलाइनने धुऊन प्रोबने (बारीक सळईने) चारही भिंती तपासा. बकल भिंत निम्म्याहून अधिक गेली असेल तर साध्या सॉकेट ग्राफ्टने भागत नाही, तिथे फ्लॅप (हिरडीचा पदर) उघडून जीबीआर, म्हणजे मेंब्रेनच्या आधाराने भिंतच नव्याने वाढवणं, करावं लागतं. भिंतीतून रक्त येत नसेल तर बारीक राउंड बरने (गोल टोकाच्या ड्रिलने) 2-3 छिद्रं पाडा. रक्ताशिवाय ग्राफ्ट नुसता पडून राहतो.

कण डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) सलाइन किंवा रुग्णाच्याच रक्तात काही मिनिटं भिजवा. ते ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरून राहायला हवेत. पाणी सुटत असेल तर गॉजने टिपून घ्या. थोडे थोडे भरत तळापासून कडेपर्यंत या. दाबा, पण ठासू नका. ठासून भरलं की कणांमधल्या फटी मिटतात, नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला जागा उरत नाही आणि हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. हाडाच्या कडेवर ढीगही करू नका, ते कण निसटतातच.

वर कोलॅजन मेंब्रेन हाडाच्या कडेपलीकडे 2-3 मिमी जाईल असं कापून हिरडीखाली सरकवा आणि क्रॉस मॅट्रेस (जखमेवरून फुलीसारखा जाणारा) टाका घाला. हिरडी ओढून तोंड बंद करण्याचा हट्ट नको, त्याने केराटिनाइज्ड (घट्ट, चिवट) हिरडीची जागा सरकते. डी-पीटीएफई (न विरघळणारं, टेफ्लॉनचं) मेंब्रेन उघडं राहिलं तरी चालतं, ते 3-4 आठवड्यांनी चिमट्याने काढा. टाके 10 ते 14 दिवसांनी काढा. काढता-घालता तात्पुरता दात देणार असाल तर तो जखमेवर टेकणार नाही इतका आतून घासा.

पहिले काही दिवस एखाद-दुसरा कण तोंडात आला तर घाबरायचं कारण नाही. दुर्गंधी, पू किंवा वाढती सूज आली तर ग्राफ्ट काढून टाका. मिसरी, तंबाखू, सिगारेट सोडायला तयार नसलेला रुग्ण आणि साखर आटोक्यात नसलेला रुग्ण, दोघांचंही ग्राफ्टचं काम तूर्त लांबवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वा डेनोसुमॅब हे औषध चालू असेल, जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दातच काढू नका.

इम्प्लांटआधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करा, पण त्यात गाईच्या हाडाचे कण पांढरेशुभ्र दिसतात म्हणून हाड झालंच असं समजू नका. उघडल्यावर वरचे 2-3 मिमी अनेकदा मऊ, सुटे असतात. ते क्युरेटने काढा आणि ड्रिलची खोली खालच्या पक्क्या हाडापासून मोजा.