पहिलं स्पिटफायर कसं बनवायचं आणि रंगवायचं

प्लास्टिक मॉडेलिंग सुरू करायचंय, पहिलं विमान कुठलं घेऊ, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: एअरफिक्स कंपनीचं १/७२ स्केलचं स्पिटफायर मार्क वन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, ते इथं साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येतात, त्यामुळे कपाटातल्या जागेवरून घरात भांडणं होत नाहीत.

सामान फार लागत नाही. चांगला निपर (भाग कापायची छोटी पक्कड), एक धारदार कटर, हार्डवेअरच्या दुकानातला ४००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, मास्किंग टेप, दोन-तीन ब्रश आणि टॅमियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) आत्ता घेऊ नका. त्याची साफसफाई हाच एक वेगळा छंद आहे. लहान मुलं बनवणार असतील तर कटर मोठ्यांनीच हातात घ्यायचा.

आधी सगळ्या फ्रेम्स (ज्या प्लास्टिकच्या चौकटींना सुटे भाग जोडलेले येतात त्या) भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायच्या, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा कधीकधी राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग कापताना एकदम चिकटून कापायचं नाही, आधी थोडं लांबून कापा, मग उरलेला कोंब काढा आणि पेपरने घासा. लागेल तेवढाच भाग सुटा करायचा, सगळे एकदम कापले की कुठला नंबर कुठला ते समजत नाही.

सुरुवात कॉकपिटपासून. आतून हंब्रोल कंपनीचा ७८ नंबरचा रंग म्हणजे कॉकपिट ग्रीन, पायलटच्या समोरचं पॅनेल काळं, बास. या स्केलला काच लागल्यावर आतलं जेमतेम दिसतं, त्यामुळे त्यात आठवडा घालवू नका.

खरं काम आहे जोडण्यात, आणि नवे लोक नेमकी इथंच घाई करतात. एक्स्ट्रा थिन हा डिंक नाहीये, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणून आधी भाग कोरडेच लावून बघायचे, कुठे अडतंय तिथे घासायचं, मग दोन्ही अर्धे घट्ट धरून फटीला सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा, ते आपोआप आत धावत जातं. अर्ध्या मिनिटाने हलकं दाबलं की विरघळलेलं प्लास्टिक बारीक रेघेसारखं वर येतं. ते पुसू नका! रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी घासा, सीम, म्हणजे जोडाची फट, आपोआप भरलेली मिळेल आणि पुट्टीचं काम निम्मं कमी होईल. पंख बसवताना मुळाशी वरून फट राहत असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून टेप ताणून लावा, पंख थोडे वर ओढले जातात आणि फट मिटते. घासताना पॅनेलच्या रेघा पुसल्या गेल्या तर सुईने परत कोरायच्या.

आता ग्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. राहिलेली प्रत्येक सीम प्रायमर मारल्यावर ठसठशीत दिसते, तेव्हा परत घासा, परत प्रायमर, कंटाळा आला तरी. स्प्रे कॅन वापरणार असाल तर पावसाळ्यात सांभाळून, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, त्या दिवसांत घासकाम उरकावं आणि फवारणी उघडीप मिळाली की खिडकी उघडून करावी.

रंग फिकट ते गडद. पोटाला स्काय म्हणजे फिकट हिरवट (हंब्रोल ९०), वर सगळीकडे डार्क अर्थ म्हणजे तपकिरी (हंब्रोल २९), त्यावर पेन्सिलने पॅटर्न हलका आखून डार्क ग्रीन. एक सांगतो, पोटाला स्काय जून १९४० पासून आला, त्याआधी एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असायचा, तेव्हा तुमच्या डेकल्सचं (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचं) विमान कधीचं आहे ते बघून घ्या. रंग दुधाइतका पातळ करा, चपटा ब्रश घ्या, एकाच दिशेने ओढा आणि अर्धवट वाळलेल्या जागी परत ब्रश नेऊ नका, त्यानेच ओरखडे उठतात. पहिला हात भयंकर दिसतो, दिसू दे. दोन-तीन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवून. हंब्रोल इनॅमल असेल तर पातळ करायला टर्पेंटाइन, आणि दोन हातांत निदान एक दिवस जाऊ द्या.

डेकल्सच्या आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक हात, मारायचाच. मॅट रंग खरखरीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी चमकतात, मग सगळी मेहनत पाण्यात. डेकल अर्धा मिनिट कोमट पाण्यात, सरकायला लागलं की ब्रशने जागेवर, कापडाने टिपून पाणी काढा. पंखांच्या वरच्या गोलांत फक्त लाल आणि निळा असतो, मधला पांढरा नसतो, ते विसरलेलं नाही. पंखांच्या पुढच्या कडेवरचे लाल तुकडे म्हणजे आठ मशीनगनच्या तोंडांवर चिकटवलेलं कापड, ते लावल्यावर विमान एकदम जिवंत वाटतं.

पॅनेलच्या रेघांत गडद तपकिरी ऑइल कलर, कॅमलची ट्यूब चालते, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सोडा आणि थोड्या वेळाने कापडाने पुसा, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने. मग मॅट क्लिअर. एक्झॉस्टमागचा काळपट पट्टा काळ्या खडूच्या भुकटीने, जरा कमीच.

कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या) चौकटी टेप लावून वेगळ्या रंगवा आणि चिकटवायला फेविकॉल घ्या, फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि ती परत साफ होत नाही. पंख्याच्या पात्यांची टोकं पिवळी, खऱ्या विमानावर चार इंच म्हणजे इथं दीड मिलीमीटरपेक्षाही कमी, त्यामुळे एका हाताने दुसऱ्या हाताला आधार द्या आणि श्वास रोखून करा. चाकं आणि पंखा सगळ्यात शेवटी.