प्रकल्प असो की प्रबंध, उत्तर आधी ठरवू नका: संशोधनातल्या या चुका टाळा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. कोकणापेक्षा इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. तरी मुलांची जर्नलं चाळा, उत्कलनबिंदूपुढे १०० अंश लिहिलेलं हमखास सापडतं. तापमापी ९७.५ दाखवते, मुलाला वाटतं ती बिघडली, आणि तो पुस्तकातला आकडा उतरवून मोकळा होतो. तापमापीवर संशय असेल तर ती वितळत्या बर्फात धरून बघा की! शून्य दाखवलं तर ती बिघडली असण्याची शक्यता कमी.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून पीएचडीपर्यंत मला हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. उत्तर आधी ठरतं आणि मोजमाप मागाहून त्याला जुळवलं जातं. मोठ्या माणसांचंही असं होतं. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला. १९१३ साली छापलेलं त्यांचं मूल्य किंचित कमी होतं, कारण हवेच्या व्हिस्कॉसिटीचा (चिकटपणाचा) आकडाच चुकीचा धरला होता. पुढच्या संशोधकांची उत्तरं मात्र एकदम बरोबर आकड्यावर न जाता हळूहळू वर सरकत गेली. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या कॅलटेकमधल्या भाषणात यावर नेमकं बोट ठेवलं होतं. मिलिकन यांच्यापासून लांबचं उत्तर आलं की लोक चूक हुडकत बसत, जवळचं आलं की तितकं कसून बघत नसत.

लंबक: ९.८१ आलं म्हणून खूश होऊ नका

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) प्रयोगशाळेत साध्या लंबकावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा असतो. सगळ्यांना ९.८१ हवा असतो. पण g अक्षांशाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे बदलतो. बेळगावच्या अक्षांशावर, एवढ्या उंचीवर तो ९.७८ च्या आसपास आहे. म्हणजे अख्ख्या बॅचचा ९.८१ आला तर मास्तरांनी खूश होण्याऐवजी वह्या नीट बघाव्यात.

चुकलेलं उत्तर खोडून टाकू नका, कारण चूक कुठं झाली ते तेच सांगतं. एक मीटर लांबीच्या लंबकाचं उदाहरण घेऊ. उत्तर १०.८ च्या घरात आलं, तर बहुतेक वेळा मोजणी चुकलेली असते. गोळा सोडताना स्टॉपवॉच सुरू केलं आणि तोंडाने ‘एक’ म्हटलं, की २० म्हणेपर्यंत आंदोलनं १९ च होतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. उत्तर ९.८८ आलं, तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता तळापर्यंत मोजली असेल. गोळा दोन सेंटिमीटर व्यासाचा असला की एक सेंटिमीटर फुकट वाढतो आणि g एक टक्क्याने चढतो. ९.४५ आलं, तर लंबक फार लांब ओढून सोडलेला असणार. सूत्र लहान कोनासाठी आहे, ३० अंशांवर आंदोलनकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो.

लांबी मोजण्याची धास्ती असेल तर एकाच लांबीवर थांबू नका. पाच-सहा लांब्या घ्या आणि आंदोलनकालाचा वर्ग व लांबी यांचा आलेख काढा. लांबीत दर वेळी तेवढीच चूक होत असेल, तर रेषा शून्यातून जाणार नाही, पण तिचा चढ बरोबर राहील. g त्या चढावरून काढा. रेषा शून्यातून जात नाही म्हणून जबरदस्तीने पट्टी शून्यावर ठेवणारे आहेत. त्यांनी हातातला पुरावाच पुसला म्हणायचा.

शाळेतलं कृती संशोधन: खालची दहा मुलं

बी.एड.-एम.एड.च्या कृती संशोधनाचा ठरलेला साचा असतो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेत ४० मुलांची गणिताची चाचणी घ्यायची, खालची १० निवडायची, महिनाभर खेळातून गणित शिकवायचं, परत चाचणी घ्यायची. सरासरी वाढते. निष्कर्ष तयार: उपक्रम परिणामकारक.

वाढली खरी, पण शिकवल्यामुळेच वाढली कशावरून? पहिल्या चाचणीला त्या दहांतल्या कुणाला ताप होता, कुणी आदल्या रात्री गावच्या जत्रेत जागलं होतं, कुणाचा नेमका न येणारा प्रश्न आला. मुलं कच्ची होती, आणि त्या दिवशी नशीबही कच्चं होतं. दुसऱ्या चाचणीत नशीब सरासरीला येतं आणि गुण वाढतात, तुम्ही काही केलं नाही तरी. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीवर हेच दाखवलं होतं. पटत नसेल तर वरच्या १० मुलांची दुसरी चाचणी बघा. त्यांची सरासरी बहुधा उतरलेली असेल, आणि त्यांना तर तुम्ही हातही लावला नव्हता.

उपाय फार खर्चिक नाही. खालची २० मुलं घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एका गटाला नवी पद्धत आणि दुसऱ्याला नेहमीचं शिकवणं. दोन्ही गटांच्या वाढीतला फरक तो तुमचा निष्कर्ष. चिठ्ठ्याच टाका. ‘समजूतदार मुलं इकडे घेतो’ म्हणालात की खेळ संपला. आणि राहिलेल्या गटाला प्रयोगानंतर तेच शिकवून टाका, पालकांची कुरकुर राहत नाही.

शीर्षकाचाही विचार करा. वर ‘सीमाभागातील विद्यार्थी’ आणि आत नमुना बेळगावच्याच टिळकवाडी-शहापुरातल्या दोन हायस्कुलांचा. सीमाभाग म्हटला की भालकीपासून कारवारपर्यंत ८६५ गावांची गोष्ट आली. दोन शाळांवर काम केलंय तर दोन शाळाच लिहा, त्यात कमीपणा कसला?

रानात आणि रानाबाहेर

निपाणी-चिकोडीकडे उसावर खताचा प्रयोग करताना एक वाफा खताचा आणि एक बिनखताचा असं करतात. मग त्या एका वाफ्यातले ५० ऊस मोजून ‘नमुना ५०’ लिहितात. नमुना ५० नव्हे, एक आहे! पाटाजवळच्या वाफ्याला पाणी जास्त मिळालं, तर सगळे ५० ऊस त्याचाच फायदा घेतात. प्रत्येक प्रकाराचे वाफे चार-पाच तरी हवेत, कुठला प्रकार कुठल्या वाफ्यात ते चिठ्ठीने ठरवलेलं, आणि बांधालगतची ओळ मोजणीतून वगळलेली.

‘दिसलं नाही म्हणजे नाही’ ही चूक जीवशास्त्रात फार होते. भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नंतर कित्येक दशकं जगात ते फक्त इथंच आहे असं मानलं गेलं. या शतकाच्या सुरुवातीला ते मेघालयात आणि पार कंबोडियातही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणून ‘ही जात इथं नाही’ असं लिहू नका. किती रात्री, कुठल्या महिन्यात, कुठल्या साधनाने शोधलं आणि दिसली नाही, ते लिहा.

आकडेमोड

प्रश्नावलीत २० गोष्टी विचारल्या, वीसही तपासल्या, एकात पी (खरं काहीच नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला आणि त्याच्यावरच प्रबंध उभा केला, हा प्रकार आता बंद व्हावा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्यांत, खरं काहीच नसताना, निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य प्रश्न कुठला हे माहिती गोळा करण्याआधी तारखेसह लिहून मार्गदर्शकांची सही घ्या.

एक्सेलवर आंधळा भरवसा नको. त्याने जनुकांच्या नावांच्या तारखा केल्या, आणि २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलावी लागली. मूळ फाइल वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. वहीत चुकलेला आकडा रबराने खोडू नका. एक रेघ मारा आणि बाजूला नवा लिहा.

छापण्याची घाई

प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो वेगळा विचारा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तरी ‘केअर लिस्टेड, चार दिवसांत प्रसिद्धी’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतातच. चार दिवसांत कोण कुणाचा लेख तपासणार? खऱ्या नियतकालिकाच्या नावाने काढलेल्या बनावट वेबसाइटही आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी जुने अंक उघडून वाचा आणि संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा.

आणि आता एक नवं खूळ: संदर्भसूची चॅटबॉटकडून करून घेणं. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे संदर्भ ते बिनदिक्कत देतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून बघा. लेख उघडला नाही, किंवा उघडला पण तुम्ही वाचलाच नाही, तर तो सूचीतून काढा.