काळ्या मातीत आणि मुरमात राबवायचा ट्रॅक लोडर कसा निवडायचा

दोन वर्षांमागं परतीच्या पावसात मंगळवेढ्याकडं शेततळ्याच्या कामावर आमचा चाकाचा छोटा लोडर काळ्या मातीत एक्सलपर्यंत रुतला. जेसीबी बोलवून ओढून काढला, त्यात अख्खा दिवस गेला आणि मजूर बसून राहिले ते वेगळंच. तेव्हा ठरवलं की आता पोकलेनसारखी चेन असलेला पण रबरी पट्ट्याचा, म्हणजे कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर बघायचा. बघताना जे कळलं ते लिहितोय, कारण आपल्याकडं मशीन घेताना सगळे आधी हॉर्सपॉवर विचारतात आणि माझं मत असं झालंय की हॉर्सपॉवर शेवटी विचारायची, आधी जमीन बघायची.

तर पहिलं काम, वही घ्या आणि गेल्या वर्षभरातल्या साइट लिहून काढा. काळी माती किती, मुरूम किती, डबर आणि फुटका काळा दगड किती, काँक्रीटवर किती. काळी माती ओली झाली की फुगते, चाकाला चिकटते, तिथं पट्टा भारी पडतो कारण वजन पसरतं. हिशोब सोपाय, ४,५०० किलोची मशीन, पट्टा ४०० मिलीमीटर रुंद, जमिनीला टेकणारी लांबी दीड मीटर धरली तर दोन्ही पट्टे मिळून १.२ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ४०० ग्रॅमच्याही आत. तोच पट्टा ३२० चा घेतला तर हाच आकडा पावणेपाचशेच्या आसपास जातो, म्हणून चिखलाचं काम असेल तर रुंद पट्टाच मागा. पण तुमचं निम्म्याहून जास्त काम फुटक्या दगडावर किंवा काँक्रीटवर असेल तर सरळ सांगतो, चाकाचाच लोडर घ्या. धारदार दगड रबर कापतो, आणि पट्ट्याची जोडी टायरसारखी स्वस्तात येत नाही.

मग उचलायची ताकद. इथं लई जण फसतात. मशीन पुढं कलंडते त्या वजनाला टिपिंग लोड म्हणतात. चाकाच्या लोडरला त्याच्या ५० टक्के वजन सुरक्षित धरतात, पट्ट्याच्या लोडरला ३५ टक्के, पण काही ब्रोशरमध्ये पट्ट्यालाही ५० टक्क्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. टिपिंग लोड २,६०० किलो असेल तर ३५ टक्क्यानं ९१० किलो आणि ५० टक्क्यानं १,३००, मशीन एकच! त्यामुळं दोन कंपन्या ताडून बघताना दोघांकडं टिपिंग लोडच विचारायचा. आता खडी घनमीटरला साधारण दीड टन धरा, अर्ध्या घनमीटरची बकेट भरली की ७५० किलो झाले, वर बकेटचं स्वतःचं वजन किती आणि ते कंपनीनं दिलेल्या उचलायच्या आकड्यात आधीच धरलंय का तेही विचारून घ्या.

हायवा, म्हणजे मोठा डंपर भरायचा असेल तर आर्म सरळ वर जाणारा, म्हणजे व्हर्टिकल लिफ्ट घ्या, तो वरच्या टोकाला पुढं पोचतो. खोदाई आणि सपाटीकरण जास्त असेल तर गोलाकार फिरणारा रेडियल पुरतो, त्याला पिना कमी, देखभालही कमी. उंची बघताना बकेट जिथं आर्मला जोडते त्या पिनेची उंची बघू नका, बकेट पूर्ण उलटी केल्यावर तिची ओठाची कड किती वर राहते ते बघा, त्यात अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. टेप घेऊन स्वतःच्या हायवाचा फाळका मोजून जा.

हायड्रॉलिकबद्दल थोडक्यात. दगड फोडणारा ब्रेकर, खड्डे पाडणारा ऑगर साध्या फ्लोवर, म्हणजे तेलाच्या साध्या प्रवाहावर चालतात, झुडपं चिरडणाऱ्या मल्चरसारख्या जड अटॅचमेंटला हाय फ्लो लागतो. अटॅचमेंटला मिनिटाला किती लिटर तेल लागतं ते आधी बघा, उगाच हाय फ्लोचे पैसे भरू नका.

आता खरा खर्च, अंडरकॅरेज, म्हणजे पट्टे आणि ते फिरवणारी खालची चाकं. रबरी पट्टे साधारण १,२०० ते १,६०० तास धरतात, दगडात त्याहून लवकर जातात. म्हणून पट्ट्याच्या जोडीची किंमत तासांनी भागा आणि तो आकडा तासाच्या भाड्यात धरा, डिझेलसारखाच. सेकंड हँड बघत असाल तर तासाच्या मीटरवर विसंबू नका, खाली वाका. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत का, रोलरमधून तेल गळतंय का, पट्ट्याच्या चिरेतून आतली तार दिसतेय का. तार दिसली म्हणजे पट्टा संपला असं समजूनच भाव करा. घेतल्यावरही दोन सवयी ऑपरेटरला लावा, जागच्या जागी गर्रकन वळवायचं नाही, मागं-पुढं घेत वळवायचं, आणि रोज संध्याकाळी पट्ट्यातली काळी माती काढायची. रात्रीत ती विटेसारखी वाळते, मग सकाळी पट्टा ताणला जातो आणि रोलर आणि आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारं चाक, खातो. आम्ही भाड्यानं आणलेल्या एका मशीनवर हेच झालं, दोष मातीचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

शेवटी डेमो. शोरूमच्या अंगणातला नको, स्वतःच्या साइटवर मागा, आणि तोही एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता. सोलापूरचा पारा ४२-४३ ला असताना मशीन तीन तास सलग ब्रेकरवर चालवा आणि तेलाच्या तापमानाचा काटा बघत बसा. धुळीनं रेडिएटर भरतो, तो साफ करायला किती बोल्ट खोलावे लागतात तेही ऑपरेटरच्या हातून करून बघा. पंखा उलटा फिरून धूळ झटकणारी सोय मिळत असेल तर त्याला पैसे मोजा. केबिनला एसी हवाच, माणूस आत दहा तास बसणारे.

आणि सही करायच्या आधी डीलरकडून लिहून घ्या की तेलाचा होज पाइप फुटला तर मेकॅनिक किती तासांत येणार आणि पट्टा स्टॉकमध्ये कुठं ठेवलाय. पुण्याहून यायचं म्हटलं तर पुणं सोलापूरपासनं अडीचशे किलोमीटर आहे.