मंदीत इलेक्ट्रॉनिक शैक्षणिक खेळण्यांचा माल कसा सांभाळावा

मंदीत गेल्या वर्षीचे आकडे बघून ऑर्डर देऊ नका. शेवटच्या 4 आठवड्यांची सरासरी धरा. आठवड्याला 6 नग खपत असतील आणि माल यायला 5 आठवडे लागत असतील, तर त्या 5 आठवड्यांचे 30 अधिक 2 आठवड्यांचे राखीव 12, म्हणजे शिल्लक 42 वर आली की मागणी नोंदवा. सणाचा आठवडा सरासरीत धरू नका, नाहीतर पुढे माल अंगावर पडतो.

शिकवणारं यंत्र आणि त्याची पुस्तकं-कार्ट्रिज (कार्ट्रिज म्हणजे यंत्रात बसवायची नव्या धड्यांची किंवा खेळांची छोटी डबी) यांची विक्री वेगवेगळी लिहा. हात आखडला की पालक नवं यंत्र लांबणीवर टाकतात, पण घरातल्या जुन्यासाठी एखादं पुस्तक नेतात. एकत्र बेरजेत हे दिसतच नाही आणि नेमकं खपणारं पुस्तक संपलेलं असतं.

मांडणीतलं खेळणं दर आठवड्याला स्वतः वाजवून बघा. सेल उतरला की आवाज घोगरा येतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, खेळणंच बिघडलंय. स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली तर सेल गळलाय. तो नग बाजूला काढा.

ॲपवर चालणारा माल सवलतीत काढण्याआधी ते ॲप नव्या फोनवर उतरतंय का, हे तपासा.